मोडलेल्या दीर्घिकांचा हंगाम

कार्तिक लागला की भोरच्या बाजारपेठेच्या तोंडाशी विळ्यांना धार लावणारे येऊन बसतात. कॉलेजातून परतताना त्यांच्या चाकाचा चरचराट कानावर येतो, टेम्पोतून पेंढा सांडत गेलेला रस्ता दिसतो आणि कुणाच्या तरी उघड्या दारातून नव्या इंद्रायणी तांदळाचा वास येतो. मी मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. घरी एकटीच असते. एका माणसापुरते तांदूळ धुताना याच दिवसांत मला वेल्ह्याच्या अलीकडचं ते गाव आठवतं, आबांच्या घराची मागची खोली आठवते आणि तो हंगाम आठवतो, ज्यात मी दिवसभर दार लावून आकाश बघत बसायचे.

आकाश बघते म्हटलं की लोकांना वाटतं, रात्री गच्चीवर दुर्बीण लावून बसत असेल. माझं काम सकाळी दहा ते पाच असं कचेरीसारखं होतं. दूर अवकाशात फिरणाऱ्या दुर्बिणीने काढलेली दीर्घिकांची चित्रं लॅपटॉपवर उघडायची, एकेकीचा आकार बघायचा आणि यादीत तिच्यासमोर शेरा लिहायचा. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे अफाट समूह. काही भोवऱ्यासारख्या, काही अंड्यासारख्या, आणि काहींना कसलाच आकार नाही, नुसते चारदोन ठिपके एकमेकांजवळ पडलेले. या शेवटच्या प्रकाराला आम्ही 'मोडलेल्या' म्हणायचो. पीएच.डी.ची तीन वर्षं मी हेच केलं होतं. जितकं लांब बघावं तितक्या मोडलेल्या दीर्घिका जास्त, असं माझी यादी सांगत होती. लांबचं बघणं म्हणजे जुनं बघणं, कारण तिथला प्रकाश इथे यायला अब्जावधी वर्षं लागतात. म्हणून विश्वाच्या लहानपणी सगळी मोडतोडच चाललेली होती, असं आमच्या शोधनिबंधाचं म्हणणं होतं. माझ्या मार्गदर्शक सरांनी ते दोन परिषदांत मांडलंही होतं.

त्या वर्षी आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. बाबा भावाकडे बंगळूरला गेले आणि भोरचं घर विकलं गेलं. पुण्यात मी वसतिगृहात राहत होते. दिवाळीला खोलीतल्या मुली आपापल्या घरी गेल्या आणि मला जायला घर नाही, हे मला बॅगा भरण्याच्या गडबडीत अचानक लक्षात आलं. प्रबंध लिहायला शांतता हवी, असं सरांना सांगितलं. वेल्ह्याच्या तहसील कचेरीत नोकरीला असलेल्या एका वर्गमैत्रिणीने खोली बघून दिली आणि मी दोन बॅगा घेऊन एसटीने त्या गावात उतरले.

घराचे मालक गणपतआबा सत्तरीच्या आसपासचे होते. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी मंगल सारोळ्याला दिलेली. नीरेच्या पुलाजवळ हायवेला तिचं आणि नवऱ्याचं चहा-वडापावचं दुकान होतं. आबांकडे दोन गाई, एक म्हैस आणि डोंगराच्या पायथ्याची भाताची चार खाचरं. रोज सकाळी ते दुधाचा तांब्या माझ्या उंबऱ्यावर ठेवायचे, "ताई, दूध" एवढंच म्हणायचे आणि मी दार उघडेपर्यंत पाठमोरे झालेले असायचे. पंधरा दिवसांत आमचं यापलीकडे बोलणं झालं नाही. मला ते बरंच वाटलं. दुपारी खाचरांतून विळ्यांचा सपासप आवाज यायचा, बायका एकमेकींना हाका मारायच्या, आणि मी पत्र्याखालच्या उकाड्यात दार लोटून घेऊन पुढची दीर्घिका उघडायचे.

दोन घरं सोडून आबांच्या मयत धाकट्या भावाची बायको, पारूबाई, राहायची. खाचरं बांधाला बांध लागून होती, पण दोघं एकमेकांशी बोलताना मी कधी पाहिली नाहीत. पारूबाईंच्या खाचरात दहा माणसं कापायला असायची आणि शेजारच्या खाचरात आबा एकटेच वाकलेले असायचे.

तिसऱ्या आठवड्यात नव्या अवकाशदुर्बिणीची चित्रं आमच्यापर्यंत पोचली. ही दुर्बीण अवरक्त प्रकाशात, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्याच्याही पलीकडच्या प्रकाशात बघणारी. तिने आकाशाचा नेमका तोच तुकडा टिपला होता, ज्यावर माझी तीन वर्षं गेली होती. गावात रेंज फक्त मारुतीच्या पारावर यायची. तिथे बसून मी चित्रं उतरवून घेतली, खोलीत आले आणि माझ्या यादीतली एक ओळखीची दीर्घिका उघडली. जुन्या चित्रात ती तीन ठिपक्यांची होती आणि तिच्यासमोर मी ठळक अक्षरांत 'मोडलेली' लिहिलं होतं. नव्या चित्रात त्या तीन ठिपक्यांच्या खाली एक मोठी, शांत, गोल तबकडी होती. मधोमध ताऱ्यांचा एक सरळ पट्टासुद्धा होता. तिला काहीही झालेलं नव्हतं.

मी दुसरी उघडली, तिसरी उघडली. सगळ्याच तशा नव्हत्या. काही खरोखरच मोडलेल्या होत्या. पण बऱ्याच धडधाकट निघाल्या.

कारण मला माहीत होतं. पहिल्या वर्षाच्या पुस्तकातच असतं ते. जवळची एखादी सुघड दीर्घिकासुद्धा अतिनील प्रकाशात पाहिली तर तुटलेल्या माळेसारखी दिसते, कारण त्या प्रकाशात फक्त नुकते जन्मलेले, तापलेले तारे झळकतात. म्हाताऱ्या ताऱ्यांची सगळी वस्ती त्यात दिसतच नाही. ती तांबड्या आणि अवरक्त प्रकाशात दिसते. आणि लांबच्या दीर्घिकेचा प्रकाश वाटेत ताणला जातो. निघताना जो अतिनील असतो, तो इथे पोचेपर्यंत आपल्या दिसणाऱ्या प्रकाशात आलेला असतो. जुन्या दुर्बिणीने लांबच्या दीर्घिकांचे फक्त तरुण तारे टिपले होते. त्यातून अंतरामुळे कडेचा मंद भाग काळोखात बुडून गेलेला. उरले ते ठिपके, आणि मी ठिपके मोजले. हे सगळं ठाऊक होतं, त्यासाठी थोडी दुरुस्तीही आम्ही धरली होती. ती फार तोकडी निघाली.

सरांना मी कळवलं नाही. निबंध पाठवायला पंधरा दिवस उरले होते. आठ-नऊ दिवस मी तीच चित्रं उघडत आणि मिटत बसले. कुणाशी बोलावं असं कुणी नव्हतं. एकदा बाबांना फोन लावला, तर ते नातवाच्या शाळेबद्दल सांगत राहिले आणि मी ऐकत राहिले. फोन ठेवताना म्हणाले, "तुझं बरं चाललंय ना?" मी हो म्हटलं.

त्या दिवसांत एकदा दूध ठेवताना आबांनी दारातून आत पाहिलं. पडद्यावर चित्रं उलटी करून लावलेली होती. आकार नीट कळावा म्हणून आम्ही आकाश पांढरं आणि दीर्घिका काळ्या करून बघतो.

"ताई, ही पिवळी फडकी कशापायी बघत बसता रोज?" त्यांनी विचारलं.

"पिवळी?"

"हळदीत बुडवल्यावानी दिसत्यात की."

मी त्यांना शेजारची भिंत दाखवली. नवा चुना लावलेली. तीही त्यांना पिवळीच दिसत होती. दुधाचा तांब्या पुढे केला, तर म्हणाले, "दूध पिवळसरच असतंय."

"आबा, मोतीबिंदू आहे तुम्हाला."

"म्हाईत हाय. दोन्हीकडं हाय. मंगल चार वर्सं मागं लागली. पर मला दिसतंय तेवढं पुरं हाय. आता कुणाला बघायचं ऱ्हायलंय?"

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी ते बांधावरून पाय चुकून खालच्या खाचरात पडले. हातातला विळा पोटरीला लागला. आवाज ऐकून मी धावले. पलीकडच्या खाचरातून पारूबाईही धावत आल्या. पदराची पट्टी फाडून त्यांनी जखमेवर बांधली, माणसांना हाक मारून आबांना उचलायला लावलं आणि एकही शब्द न बोलता आपल्या कापणीला परत गेल्या.

संध्याकाळी मंगल आली. बापाच्या पायाची पट्टी बघितली, चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "आबा, एक तर डोळा करा, न्हाईतर जनावरं इकून माझ्यासंगं सारोळ्याला चला. दोन्हीतलं एक आत्ता सांगा."

आबांनी पायाची पट्टी सारखी केली. मग म्हणाले, "डोळा करतो. एकच."

मंगलला दुकान सोडून राहता येईना, म्हणून आबांना घेऊन भोरला मी गेले. नसरापूरला एसटी बदलली. कापूरहोळ सोडल्यावर आबा खिडकीपाशी बसून "भाटघर आलं का?" म्हणून विचारत राहिले. धरणाचं पाणी त्यांना दिसत नव्हतं, धुरासारखं काहीतरी दिसतं म्हणाले. डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना हिरवा झगा घालून आत नेलं आणि मला दोन तासांनी या म्हणून सांगितलं.

पाय आपोआप आमच्या गल्लीकडे वळले. घराला आता पिस्ता रंग होता. आईने लावलेला पारिजातक काढून तिथे मोटारसायकल ठेवायला फरशी केली होती. दारात एक बाई तांदूळ पाखडत होत्या.

"कोण पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

त्या सुपावरून नजर न हलवता हसल्या. मी नदीवर जाऊन बसले. नीरेचं पाणी घाटाच्या खालच्या पायरीवर आलं होतं. शाळेत असताना मी इथे मैत्रिणींबरोबर बसायचे. त्यांतली एकही आता भोरमध्ये नव्हती. दोन तास मी हातातल्या आबांच्या पिशवीवरचं दुकानाचं नाव वाचत बसले.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आबांनी आधी डॉक्टरांच्या कोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमी लईच बारीक हाय की ताई," म्हणाले. परतताना वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा त्यांनी एसटीच्या खिडकीतून तोरण्याकडे बोट केलं. "डोंगुर निळा हाय. म्या इसरूनच गेलो व्हतो." मग उजवा डोळा झाकला, नंतर डावा झाकला. एकाने डोंगर निळा, दुसऱ्याने मातकट. घर येईपर्यंत ते आळीपाळीने डोळे झाकत राहिले. पुढच्या बाकावरच्या पोरी त्यांना बघून हसत होत्या. मला हसू आलं नाही. मी तीन वर्षं शिष्यवृत्ती घेऊन जे करायला हवं होतं, ते हा माणूस एसटीत बसून करत होता.

दिवसातून सहा वेळा त्यांच्या डोळ्यात औषध घालायचं काम माझ्याकडे आलं. त्यानिमित्ताने आम्ही बोलू लागलो. पाचव्या दिवशी मी बाटली घेऊन गेले, तर आबा पत्र्याची ट्रंक उघडून जमिनीवर बसले होते. मांडीवर घडी घातलेलं नऊवारी लुगडं होतं.

"ताई, ह्यो रंग कंचा?"

"निळा."

"हिरवा न्हाई?"

"नाही आबा. निळा आहे. गडद."

त्यांनी नवा डोळा झाकला आणि जुन्याने पाहिलं. "ह्यानं हिरवा दिसतोय," म्हणाले. मग कितीतरी वेळ ते लुगड्याच्या काठावरून अंगठा फिरवत राहिले. मी औषधाची बाटली हातात धरून उभी होते. बसावं की जावं, कळेना.

शेवटी तेच बोलले. "पुतणीच्या लग्नात मंगलच्या आईला हिरवं लुगडं पायजे व्हतं. म्या भोरच्या बाजारातनं आणलं. दुकानात दिवं व्हतं, मला हिरवंच दिसलं. तिनं पुडकं सोडलं, बघितलं आन् म्हनली, लई झ्याक हाय. नेसली तेच. मांडवात पारूनं इचारलं, आक्का, हिरवं सांगिटलं व्हतं ना तुमी? ही म्हनली, ह्येच मला शोभतंय. मला वाटलं, पारू चारचौघांत माझं आणलेलं हिणवतीया. म्या तिला भर मांडवात बोललो, तुला डोळं हायत का म्हनून. लेकीचं लग्न व्हतं तिच्या."

"आणि तेव्हापासून..."

"तवापासनं बोलनं न्हाई. पुढच्या सालीच ही गेली. भाऊबी गेला." त्यांनी घडी नीट केली. "म्हंजी हिला ठावं व्हतं, माझं डोळं गेल्यात. तरी बोलली न्हाई. का बोलली नसंल?"

मी त्यांचं डोकं मागे करून औषधाचे दोन थेंब घातले. पाणी गालावरून आलं ते औषधाचं की काय, मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारूबाईंच्या खळ्यावर झोडणी चालू होती. भाताच्या पेंढ्या लाकडी बाकावर आपटल्या जात होत्या, दाणे उडत होते, सगळीकडे सोनेरी धुरळा. आबा लंगडत खळ्यावर गेले. काखेत ते लुगडं होतं. मी खोलीच्या दारातून बघत होते. माणसं आपटायची थांबली.

"पारू," आबा म्हणाले, "तुजं बरोबर व्हतं. ह्यो निळाच हाय."

पारूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. लुगड्याकडे पाहिलं. "आता काय त्येचं, भावजी," त्या म्हणाल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "आक्कानं मला त्याच दिशी मागनं सांगिटलं व्हतं. म्हनली, त्येंस्नी कळू दिऊ नगंस. दिसंना झालंय म्हनून मनाला लावून घेतील."

आबांनी लुगडं पुन्हा काखेत घेतलं. मग कुणीतरी त्यांना पोतं अंथरून दिलं आणि ते खळ्याच्या कडेला बसले. झोडणी पुन्हा सुरू झाली. दुपारी पारूबाईंची चार माणसं आबांच्या उरलेल्या खाचरात उतरली.

मी मारुतीच्या पारावर गेले आणि सरांना फोन लावला. जे दिसलं ते सगळं सांगितलं.

"हे तुला कधी कळलं?" सरांनी विचारलं.

"दोन आठवडे झाले."

"आपण जे पाहिलं ते त्या प्रकाशात खरंच होतं. तेवढी एक ओळ घालू आणि निबंध पाठवू. नवी चित्रं हा पुढचा विषय आहे."

"पण सर, आपण 'मोडलेल्या दिसल्या' असं लिहिलेलं नाही. 'होत्या' असं लिहिलंय."

"तुझं वर्ष जाईल. कदाचित दीड."

"जाऊ दे."

"विचार कर," म्हणून त्यांनी फोन ठेवला. ते चिडले नव्हते. दमलेले वाटले. तीन वर्षं त्यांचीही होतीच. मी नाव मागे घेतलं आणि निबंध माझ्या नावाशिवाय गेला, त्यात ती एक ओळ होती. मी यादी पहिल्यापासून करायला घेतली. प्रत्येक दीर्घिका तीन-तीन प्रकाशांत बघायची आणि जिथे कळत नाही तिथे 'कळत नाही' असं लिहायचं. पुण्याला परतल्यावर सरांच्या गटातल्या मुलांनी मला जेवायला हाक मारणं हळूहळू बंद केलं. त्यांनी मुद्दाम काही केलं असं नाही. त्यांचं काम पुढे गेलं होतं आणि माझं मागे.

दवाखान्याने दुसऱ्या डोळ्याची तारीख दिली तेव्हा आबांनी नाही म्हणून सांगितलं. मंगलने हरप्रकारे समजावलं. "एवढा असू दे," ते म्हणत. "तुज्या आईला म्या ह्याच डोळ्यानं बघितलंया." पुढच्या वर्षी जनावरं पारूबाईंच्या गोठ्यात बांधून ते सारोळ्याला गेले. आता दुकानाच्या मागे खाटेवर बसून हायवेवरच्या गाड्या बघतात. मी कधी गेले की मला चहा देतात आणि मागच्या वेळेपेक्षा थोडं कमी बोलतात.

माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा पुण्यात झाली तेव्हा, बोलवावं की नाही या घोळात, मी त्यांना कळवलं होतं. बाबांना प्रवास झेपणार नव्हता. माझ्या बाजूने कुणी येईल असं मला वाटलं नव्हतं. व्याख्यान सुरू व्हायच्या आधी मागच्या दाराने मंगल आली आणि तिच्या मागे धुतलेलं धोतर नेसलेले आबा. शेवटच्या रांगेत बसले. मी इंग्रजीत तासभर बोलले. ठिपक्यांखाली सापडलेल्या तबकड्या दाखवल्या. खरोखर मोडलेल्या किती हे सांगितलं आणि किती ठिकाणी मला कळलं नाही, तेही सांगितलं. सर पहिल्या रांगेत होते. मध्येच एकदा त्यांनी मान हलवली.

परीक्षकांचे प्रश्न संपल्यावर कुणाला काही विचारायचंय का, असं अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं. मागून हात वर झाला. मंगल आबांचं धोतर ओढत होती, पण ते उभे राहिले.

"ताई," ते म्हणाले, "ह्या आता कशा असतील?"

काही जण वळून बघू लागले. मी मराठीत सांगितलं की आपल्याकडे आलाय तो त्यांचा फार जुना प्रकाश. आत्ताचा तिथून आत्ता निघाला असेल. तो यायला इतकी वर्षं लागतील की तेव्हा आपली पृथ्वीही नसेल.

"म्हंजी माझ्यावानी तुमालाबी त्येंना आता काय इचारता येत न्हाई."

"नाही, आबा."

"बरं," म्हणाले आणि ते खाली बसले.